पेवाच्या तोंडावरचा दगड

मी पेव बोलतोय. इकडं तिकडं शोधू नका, पायाखाली बघा. आसेगावात गोजराबाईचं जुनं घर जिथं उभं होतं, तिथल्या मातीच्या ढिगाखाली मी आहे.

ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं ज्वारीचं कोठार. तोंड एवढंसं, माणूस अंग चोरून उतरेल इतकं. पोट मात्र असं, की गाड्याच्या गाड्या ज्वारी रिचवून ढेकर देणार नाही. माणसांत अशा अंगाला हसतात. आमच्यात त्यालाच देखणं म्हणतात!

संवत छप्पन्नच्या, म्हणजे इंग्रजी १९०० सालच्या, दुष्काळात आसेगावानं झाडपालाही खाल्ला. तो काळ सरला, पहिली बरी ज्वारी घरात आली, आणि नानाजीनं सरळ आपल्या ओसरीत कुदळ मारली. हा नानाजी म्हणजे पुढं गोजराबाईचा सासरा. शहाणी माणसं गावाबाहेरच्या उंचवट्यावर पेवं खोदतात. लोकांनी त्याला सांगून पाहिलं, "अरे नानाजी, भिंतीच्या बुडाशी पोकळ करू नोको." तो म्हणाला, "माहं पोट गावाबाहेर ठेवून मी घरात झोपू काय?" भूक पाहिलेल्या माणसाशी वाद कोण घालणार? मी झालो तो असा, त्याच्या भीतीतून झालो.

माझ्या भिंती आतून कडबा पेटवून भाजल्या. मग कडबा आणि भुसा लावून ज्वारी ओतली, तोंडावर एक काळा दगड बसवला आणि फटी शेणमातीनं लिंपल्या. दगड भुईपेक्षा बोटभर वर राहिला. त्या बोटभर उंचीचं पुढं केवढं मोल होणार होतं, हे तेव्हा ना नानाजीला ठाऊक ना मला.

माझा एक वाईट गुणही सांगून टाकतो. बंद पोटात हवा मरते. झाकण काढल्याबरोबर कोणी आत उतरला, तर वर यायचा नाही. म्हणून मला सकाळी उघडायचं, दुपारपर्यंत तसंच ठेवायचं, मग दोरीनं दिवा आत सोडायचा. दिवा जळत राहिला तरच माणूस उतरवायचा. हा नियम नानाजीनं घरातल्या लहानथोरांकडून घोकून घेतला होता.

मला डोळे नाहीत. पण डोक्यावरून चालणाऱ्या प्रत्येकाचं पाऊल मला कळतं. गोजराबाई नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिच्या जोडव्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला आणि लगेच तिची ठेच माझ्या दगडाला लागली. "आई गं! हा धोंडा इथं कायले ठेवला?" ती कळवळली. नानाजी बाहेरून म्हणाला, "त्याच्या खाली तुही भाकर हाय, सूनबाई." त्यानंतर तिला कधी ठेच लागली नाही. उंबरठा ओलांडायचा, भिंतीच्या कडेनं यायचं, दगडावर पाय द्यायचा आणि डावीकडं चुलीकडं वळायचं, ही तिची वाट ठरून गेली.

वर्षं गेली. नानाजी गेला. मग गोजराबाईचा नवरा रामकिसनही गेला आणि माझ्या डोक्यावरचा जोडव्यांचा आवाज थांबला. घर तिनं एकटीनं सांभाळलं. मुलगा शालिग्राम वाढवला, शेत राखलं, कमरेला चाव्यांचा जुडगा लावून माझं तोंड कधी उघडायचं नि कधी नाही हे तिनंच ठरवलं. शालिग्रामची बायको रंगूबाई घरात आली तेव्हा जोडवी पुन्हा वाजू लागली, आणि त्यांच्या मागोमाग गोजराबाईचं बोलणंही.

काय बोलायची हो ती! "रंगू, दाराच्या कोपऱ्यात कचरा तसाच हाय. रंगू, चुलीपुढची राख काढली नाई." रंगूबाई शेजारणीला हळूच सांगायची, "माह्या सासूची नजर घारीची हाय बाई. एक कण सुटत नाई."

मला हसू यायचं आणि काळजीही वाटायची. कारण गोजराबाईला दिसत नव्हतं!

आधी अंधुक झालं, मग नुसता उजेड-अंधार तेवढा कळायचा, मग तोही गेला. वरच्या एकालाही पत्ता नाही, पण मी अंधारातच राहणारा, मला कसं कळणार नाही? तिचं पाऊल बदललं होतं. आधी अंगठा भुईवरून सरकायचा, दगडाची कड शोधायचा, मग पाय ठाम पडायचा आणि ती डावीकडं वळायची. कचरा तिला तळपायाला कळायचा. सुईत दोरा ओवायची वेळ आली की म्हणायची, "माही कंबर धरली, तूच ओव." ज्वारीतले खडे बोटांनी निवडायची आणि तेही इतरांपेक्षा चांगले. सगळी लपवाछपवी तिला जमली, कारण घर तिच्या पायांना पाठ होतं.

मग एका साली श्रावणात झड लागली. पाऊस थांबायचं नाव घेईना, धाब्याची, म्हणजे सपाट छपरावरची, माती पाणी पिऊन जड झाली, आणि ओसरीची भिंत माझ्या अंगावर रेलली. तिच्या बुडाशी भेग पडली. माझ्याही पोटात ओल शिरली. कडेची ज्वारी गरम होऊन वास मारू लागली. उघडीप पडल्यावर शालिग्रामनं मंगरूळपीरहून हबीब मिस्तरीला बोलावलं.

हबीबनं ओळंबा सोडला, भिंत ठोकून पाहिली, माझ्या दगडावर टाच आपटली.

"शालिग्रामभाऊ, भिंतीचा कसूर नाई. तिच्या बुडाखाली पेव हाय. पोकळीवर भिंत किती दिवस उभी राहीन?"

"मंग काय करा लागते?"

"दोन रस्ते हायेत. एक तं हेच घर नीट करा. पेव भरून टाका, दगड काढा, भिंत नवी घ्या, दार पूर्वेच्या अंगाले न्या, धाबं उतरवून कवेलू टाका. नाईतं सडकेच्या बाजूले तुमची मुरमाची जागा पडून हाय, तिथं नवं बांधा. खर्चात उन्नीस-बीस. पन जे करायचं थे थंडीच्या आत करा. भिंत मले इचारून नाई पडणार."

दोन्ही रस्त्यांत माझं मरण होतंच. माझ्या डोक्यावर उभं राहून ही माणसं माझ्या मरणाचं ठरवत होती आणि मध्येच चहा पीत होती. राग आला मला. पण भिंत रेलली ती माझ्यामुळं, हेही खरंच होतं.

पुढचे कितीतरी दिवस घरात दुसरा विषय नव्हता. रंगूबाईला नवं घर हवं होतं. "धाबं गळते, धूर डोळ्यात जाते, उंदरं रातभर नाचते. नव्या घरी चुलीवर धुराडं घेऊ, खिडकी घेऊ." शालिग्राम सकाळी डागडुजीच्या बाजूचा आणि संध्याकाळी नव्या घराच्या बाजूचा. गावातली माणसं ओसरीत बसून तंबाखू मळायची आणि सल्ले द्यायची. एकजण म्हणायचा, बापजाद्याची जागा सोडू नये. दुसरा म्हणायचा, घर पाहावं बांधून. फुकटचा सल्ला द्यायला माणसाला कधीच कंटाळा येत नाही.

गोजराबाई मात्र एकच बोलायची. "दोन्ही नोको. भिंतीले टेकू द्या. माही मयत निघाली का मंग पाडा नाईतं बांधा."

"माय, भिंत अंगावर पडली म्हंजे?" शालिग्राम कळवळून विचारायचा.

"पडू दे. माह्याच अंगावर पडीन."

"अवं पन कायले? एक कारन तं सांग!"

कारण ती सांगेना. एकदा तो चिडून बोलून गेला, "साठी बुद्धी नाठी म्हनतात थे काई खोटं नाई." बोलला आणि लगेच पाय आपटत बाहेर गेला. पश्चात्ताप झालेल्या माणसाचं पाऊल होतं ते. पण आईला त्यातले शब्दच लागले.

त्या दुपारी घरात कोणी नसताना ती माझ्या दगडावर येऊन बसली. तळहातानं दगड चाचपला आणि मलाच बोलू लागली.

"तुले दिसत नाई, मले दिसत नाई. पन तुले कोनी खाटेवर नाई बसवत रे. माही माय आंधळी झाली तं भावजयीनं तिले कोपऱ्यात बसवलं. पोतं ठेवावं तशी. भाकर जाग्यावर, पानी जाग्यावर. मायेनं केलं बिचारीनं, वाईटपनानं नाई. पन माय चालायचीच इसरली. नव्या घरी दोन पावलं टाकली का मी पडीन, अन् मंग समद्याईले समजंन. अन् इथलं दार फिरवलं, तुले बुजवलं, तं इथंही मी परकीच." तिनं पदरानं दगड पुसला. मग म्हणाली, "मले पोतं नाई व्हायचं."

मी पेव. ज्याच्या पोटात पोती रिकामी होतात, तो मी. त्या दिवशी तिचं सगळं माझ्यात पडलं, आणि मला ते कोणाला परत देता येईना.

ओली ज्वारी काढायची तर होतीच, घराचं काही का ठरेना. दिवस ठरला होता. पण हबीब मिस्तरी आदल्याच सकाळी दोन गडी घेऊन हजर झाला. "उद्या मले कारंज्याले जा लागते. आजच उघडून ठेवू."

"माय शेजारी वाती वळाले गेली. तिले माहीत नाई," शालिग्राम म्हणाला.

"चुन्याची जाड रेघ मारतो ना भोवताल. काकी आल्या का दिसीनच."

"व्हय, दिसीनच."

पहारीनं दगड उचलला, बाजूला लोटला. हबीबनं माझ्या तोंडाभोवती पांढरंशुभ्र कडं काढलं. आता दुपारपर्यंत काम नव्हतं, म्हणून पुरुष मंडळी बाहेर निंबाखाली जाऊन बसली. रंगूबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. आणि मी आ वासून पडलो होतो, पोटात मेलेली हवा घेऊन.

तेवढ्यात उंबरठ्यावर टाच घासली.

ते पाऊल मी हजारात ओळखलं असतं. उंबरठा ओलांडला. भिंतीच्या कडेनं आली. टाच ठाम, म्हणजे मान ताठ; चाल नेहमीची. मी ओरडलो. पेव ओरडतं म्हणजे काय करतं? काही करत नाही! तिचा अंगठा सरकत सरकत चुन्यापर्यंत आला.

रंगूबाईनं चुलीकडच्या दारातून पाहिलं. आधी तिला वाटलं, सासूबाई रेघेपाशी थांबतील. त्या थांबेनात.

"आत्याबाई! थांबा!"

"काय बोंबलून राह्यली वं? दूध उतू गेलं काय?" असं म्हणत गोजराबाईनं पाय उचललाच.

जोडवी कधी एवढ्या जोरात वाजलेली मी ऐकली नव्हती. रंगूबाईनं पिठाच्या हातांनीच तिला ओढली आणि दोघी मागं आदळल्या. चुन्याचं एक ढेकूळ तेवढं माझ्यात पडलं. ते तळाच्या ज्वारीवर आदळेपर्यंत किती वेळ लागला, ते दोघींनीही ऐकलं.

"पाडतं काय मले?" गोजराबाई फणकारली.

"पेव उघडं हाय, आत्याबाई," रंगूबाई धापा टाकत म्हणाली. "तुमच्या पायापुढं उघडं हाय. एवढी जाड रेघ मारली, तुमाले दिसली नाई?"

"दिसली ना. दिसत कशी नाई?"

"कोन्या रंगाची हाय?"

मिस्तरी लोक आखणी करतात ती गेरूनं, असा गोजराबाईनं विचार केला असावा.

"लाल," ती म्हणाली.

दोघींची लुगडी पांढऱ्या चुन्यानं माखली होती.

रंगूबाई रडायला लागली. "कवापासून, आत्याबाई?"

"तुहं दुसरं बाळंतपन झालं, त्याच्या अगुदरपासून."

"मंग थे कचऱ्यावरून, राखेवरून मले बोलत होत्या थे?"

"पायाले लागते वं."

रंगूबाई रडता रडता हसली आणि पुन्हा रडली. आरडाओरडा ऐकून शालिग्राम आणि हबीब धावत आले. काय झालं ते कळल्यावर शालिग्राम भिंतीला टेकून उभाच राहिला. साठी बुद्धी नाठी म्हटलेलं त्याला आठवलं असणार. मग आईजवळ बसला, तिचे पाय धरले आणि म्हणाला, "माय, आता तू उठू नोको. मी खाट टाकून देतो. जाग्यावर भाकर देऊ, जाग्यावर पानी देऊ. तुले एक पाऊल टाका लागनार नाई."

गोजराबाईनं कमरेचा चाव्यांचा जुडगा सोडला आणि रंगूबाईच्या दिशेनं धरला.

रंगूबाईनं तो जुडगा परत सासूच्या मुठीत दाबला. "राहू द्या तुमच्यापाशीच. मले वजन होते." आणि मग, परक्या माणसासमोर नवऱ्याला कधी उलटं न बोललेली ती बाई बोलली. "खाट कायले टाकता? पाय मोडले काय त्याईचे? आजवर त्याईचं काय अडलं सांगा."

"पन नवं घर बांधलं तं—"

"बांधा ना. नवं बांधा. पन हेच घर बांधा."

"म्हंजे?" हबीबनं विचारलं.

"म्हंजे उंबरठा एवढाच उंच. उंबरठ्यापासून दगड एवढाच दूर. दगडापासून चूल अशीच डाव्या हाताले. वरतं काय टाकायचं थे टाका, भिंती कायच्याही घ्या. भुई हीच पाह्यजे."

हबीबनं चुन्याच्या मोडलेल्या कड्यावरून पाय फिरवला. "अल्ला माफ करो," तो म्हणाला. "रेघ मारली अन् म्या समजलो, काम झालं." मग त्यानं खिशातून सुतळी काढली.

दुपारी दिवा सोडला, तो जळत राहिला. ज्वारी काढली, बरी होती ती उन्हात घातली, नासली ती वेगळी केली. दगड पुन्हा माझ्या तोंडावर आला. संध्याकाळी हबीब म्हणाला, "काकी, चाला. रोज चालता तशा."

गोजराबाई चालली. हबीब मागून सुतळी सोडत चालला आणि ती जिथं वळेल तिथं गाठ मारत गेला. उंबरठ्याची गाठ, दगडाची गाठ, चुलीची, न्हाणीची, तुळशीची. "माह्या मांगं मांगं कायले येतं रे? मी काय नवरी हाय?" ती म्हणाली, आणि त्या घरात किती दिवसांनी सगळे एकदम हसले. त्या चालण्यात तिची मान आणखीच ताठ झाली होती, हे मला तिच्या टाचेवरून कळलं.

सडकेच्या बाजूला मुरमाच्या जागेवर घर उठलं. शेवटच्या दिवशी माझा दगड काढून बैलगाडीत घातला. नव्या ओसरीत तो घट्ट मुरमावर बसवायचा होता, खाली पोकळ नको. म्हणजे माझं तोंड नव्या घरी गेलं आणि पोट मागं राहिलं. असं मरण कोणाला आलंय का हो? मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

जुन्या भिंती पाडून त्यांच्याच मातीनं मला भरायचं ठरलं. पहिली पाटी पडायच्या आधी गोजराबाईनं सगळ्यांना थांबवलं. रंगूबाईचा हात धरून ती माझ्या कडेला बसली, ओंजळभर ज्वारी माझ्यात सोडली आणि म्हणाली, "रिकाम्या पोटानं कोनाले पाठवू नये." मग तिनं आपल्या हातांनी पहिली माती ढकलली.

तेव्हापासून मी असा आहे. जगात पुन्हा मोठी लढाई लागलीय म्हणतात, धान्य महाग झालंय म्हणतात, माझ्यापर्यंत पुसट पुसट येतं. वर रंगूबाईनं वालाचे वेल लावलेत. ती शेंगा तोडायला येते तेव्हा शेजारणीशी बोलते, त्यातून नव्या घरची खबर कळते. नव्या घरात गोजराबाईनं पहिल्याच सकाळी उंबरठा ओलांडला, दगडावर पाय दिला, डावीकडं वळली, चुलीपाशी गेली आणि म्हणाली, "रंगू, राख तशीच हाय." रंगूबाई सांगते, "मी राख काढलीच नव्हती बाई, मुद्दाम. तिले बोलाले काई तं पाह्यजे."

तुम्हीही कधी घराचं ठरवायला बसाल. जुनंच सावरावं की नवं बांधावं, यावर रात्रंदिवस बोलाल. बोला, जरूर बोला. पण "नको" म्हणणाऱ्या माणसाला हट्टी ठरवायच्या आधी, ते माणूस घरात कसं चालतं ते एकदा बघा. एवढंच मागणं आहे माझं.

मागच्या संक्रांतीनंतर गोजराबाई आली होती. रंगूबाईनं तिला हाताला धरून आणलं. जुना उंबरठा होता तिथं आल्यावर तिनं हात सोडवून घेतला. "हट, मले समजते." आणि चालू लागली.

भिंत नव्हती, दार नव्हतं, दगड नव्हता. वेलाच्या पानांतून तिचा अंगठा सरकत आला, बरोबर माझ्या तोंडाशी. दगडाची कड शोधली. सापडली नाही. एक क्षण ती थांबली, आणि मला तो दिवस आठवून धस्स झालं. मग तिनं पाय उचलला आणि सगळा भार देऊन टेकवला.

त्या दिवशी हा पाय पडला असता, तर त्याला धरायला माझ्यापाशी काही नव्हतं. आता माझ्या पोटात तिच्या घराच्या चारही भिंती आहेत. मी तिचा पाय धरला.

तिनं टाच आपटून पाहिली. एकदा, दोनदा.

"घट्ट हाय वं, रंगू," ती म्हणाली. "पोट भरलं याचं."

आणि ती डावीकडं वळली.